बटाट्याचं भरीत, दूध-लोण्याशिवाय

महिनाअखेरीला डाळीचा डबा रिकामा होतो, टोपलीत बटाटे तेवढे उरतात. वस्तीतल्या बैठकांत आम्ही हे नेहमी ऐकतो. मग भातासोबत बटाटा, पोळीसोबतही बटाटा. पोट भरतं, पण 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम. वाढत्या लेकरांचं त्यावर कसं भागणार?

म्हणून आम्ही भरीत सांगतो. त्याला दूध-लोणी नको, दाण्याचं कूट हवं. वाटीभर, म्हणजे 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात. चौघांत वाटले तरी माणशी 6 ग्रॅम.

अर्धा किलो बटाटे सालीसकट उकडा. सोलून, चिरून उकडले तर क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. गरम असतानाच सोलून कुस्करा, गार झाले की गुठळ्या राहतात. त्यात कूट, बारीक कांदा, कोथिंबीर, मीठ. दोन चमचे तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची तडतडवून वर ओता, लिंबू पिळा. विदर्भाकडच्या घरांत जवसाची चटणी असतेच, तीही चमचाभर कालवा. आम्हाला तशीच आवडते. दात नसलेल्या आजीला कांदा-मिरची वगळून, कूट अगदी बारीक करून द्या.

हिरवट, कोंब फुटलेले बटाटे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यातलं विष उकडूनही जात नाही.

साखरेचा आजार असलेल्यांनी भरीत घेतलं की तेवढा भात कमी करावा. किडनीच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं.