दोन बैल आणि चोवीस घोडे

२०२३ ची संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी सकाळीच चारठाण्याहून पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, तांबड्या गेला." मी क्षणभर गप्पच राहिलो. दुःखाने नव्हे. तांबड्या म्हणजे कोण, हेच मला आठवेना! ज्याच्या कादंबऱ्यांत पानोपानी नांगर चालतो आणि मातीचा वास सुटतो असे समीक्षक लिहितात, त्या माणसाची ही अवस्था. मग आठवले. आमच्या आखाड्यावरची लाल कंधारी जोडी, त्यातला उजवीकडचा.

चारठाणा हे आमचे गाव. जिंतूरहून मंठ्याकडे निघाले की वाटेत लागते. हेमाडपंती देवळे, बारव आणि तो कोरीव दगडी स्तंभ पाहायला लांबून लोक येतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र गावाची ओळख विचारली, तर देवळाआधी काळी जमीन आठवते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पायातली वहाण ती परत देत नाही. त्या जमिनीतले सात एकर आमचे. मी १९८२ साली बँकेत लागलो आणि गाव सुटले. शेत धाकट्या भावाने केले. २०२० मध्ये मी निवृत्त झालो, पुढच्याच वर्षी भाऊ गेला. मागे भावजय, पंचविशीतला पुतण्या, बैलांची जोडी आणि आता जोडीतला एकच बैल.

एका बैलाने औत चालत नाही. दुसरा घ्यावा तर बाजारात जोडीला जोड मिळणे अवघड, सालगडी मिळणे त्याहून अवघड. पुतण्याचा विचार पक्का होता. "काका, आता ट्रॅक्टर घेऊ. अन् घ्यायचाच तर पन्नास एचपीचा. बारका घेतला तर लोक हसायलेत."

पन्नास एचपी हा शब्द ऐकला आणि मला १९९३ साल आठवले.

तेव्हा मी शेजारच्या एका जिल्ह्यात बँकेच्या शाखेत शेती कर्जे पाहत होतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला आमचा एक ठोकताळा असे. ट्रॅक्टर वर्षाला साधारण हजार तास चालला पाहिजे, तरच तो स्वतःचा हप्ता फेडतो. आठ एकरांचा एक शेतकरी आला. विहिरीला पाणी होते, मुलगा हुशार होता, डोळ्यांत ट्रॅक्टर होता. त्याच्या शेतावर हजार तास होत नव्हते. मी कागदावर ते केले. शेजाऱ्यांची नांगरट धरली, उसाची वाहतूक धरली, मळणी धरली. बेरीज जमली. वर्षअखेर जवळ होती आणि शाखेला कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे होते, हेही सांगून टाकतो.

पुढे विहीर आटली. १९९० ची कर्जमाफी त्याच्या कर्जाआधीच होऊन गेली होती, आणि तीही दहा हजारांपर्यंतचीच; त्याचे कर्ज त्याच्या कैक पटींनी मोठे. तीन हप्ते थकल्यावर ट्रॅक्टर ओढून आणायला मीच गेलो. त्याने आदल्या दिवशी तो धुऊन ठेवला होता. बोनेटवर दसऱ्याचे हळदीकुंकू तसेच होते. किल्ली माझ्या हातात देताना तो एवढेच म्हणाला, "साहेब, डिझेल हाय आत." एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, पण हा प्रसंग माझ्याने कुठल्याही कादंबरीत लिहवला नाही.

तेव्हा पुतण्याला मी म्हटले, "बाबा रे, आधी हिशेब करू, मग शोरूममध्ये जाऊ."

हिशेब सोपा होता. नांगरट, मोगडणी, वखराच्या पाळ्या, पेरणी, फवारणी, माल वाहणे असे सगळे धरून एकरी दहा-बारा तास. सात एकरांचे झाले सत्तर-ऐंशी तास. हजारात आणि ऐंशीत जे अंतर आहे, तेवढेच स्वप्नात आणि सात-बाऱ्यात असते! भाड्याने काम करून घेणे याहून स्वस्त, हे मी त्याला पेन्सिलीने सिद्ध करून दाखवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुमचा हिशेब बरोबर हाय. पण वाफसा त्यात कुठं धरला?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. पाऊस पडल्यावर जमीन फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, अशी जी अवस्था येते, तो वाफसा. काळ्या जमिनीत तो मोजून दोन-चार दिवस टिकतो. त्या आधी औत घातले तर माती चिखलासारखी चिकटते, नंतर घातले तर ढेकळे निघतात. कोरडवाहू शेतीचे अर्धे भवितव्य त्या चार दिवसांत ठरते. आणि त्या चार दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर आधी वीस एकरवाल्याकडे जातो, सात एकरवाल्याकडे शेवटी. भाऊ गेल्यानंतरच्या वर्षी आमची पेरणी नऊ दिवस मागे पडली होती, हे मला तेव्हा कुणी सांगितलेही नव्हते. बँकेत आम्ही तास मोजत आलो. शेतकरी वेळ मोजतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले.

म्हणजे ट्रॅक्टर हवा होता, पण सात एकरांना पेलेल असा. १८ मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो (विद्यापीठ १९७२ चे) आणि त्या दिवशी तिथे खरीप मेळावा भरतो. आम्ही दोघे गेलो. पशुशक्तीच्या वापरावर तिथे वर्षानुवर्षे संशोधन चालते, बैलांसाठी सुधारित अवजारे बनतात. दोन बैल असते तर मी तिथूनच परत फिरलो असतो. पण एकाच बैलाचा मालक मी, पुढे सरकलो.

त्या दिवशी आणि पुढच्या सहा महिन्यांत जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. कुणाच्या घरात हाच वाद चालू असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, घोडे. बैलजोडीची ताकद ढोबळमानाने एक अश्वशक्ती धरतात. पंधरा घोड्यांचे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर मिळतात, महिंद्राचा युवराज किंवा स्वराजचा ७१७ त्या वर्गातले. चोवीस घोड्यांचे, चारही चाकांना ताकद देणारेही आहेत, कुबोटाचा बी २४४१ किंवा महिंद्राचा जिवो २४५ अशांसारखे. शिवाय जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो. मागच्या फिरत्या शाफ्टपर्यंत, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, त्यातले तीन-चार घोडे वाटेतच गळतात. रोटाव्हेटर चालतो तो उरलेल्यांवर. म्हणून विचारायचे ते पीटीओला किती पोहोचतात हे.

दुसरी गोष्ट, वजन आणि रुंदी. पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात जातो. ओलसर काळ्या जमिनीवर तो वरचेवर फिरला की खालचा थर दबतो, मग मुळे आणि पाणी दोन्ही अडतात. लहान ट्रॅक्टर एका टनाच्या आत असतो, पण हलका म्हणून घसरतो, आणि म्हणूनच त्याला चारही चाकांची ताकद हवी. रुंदी म्हणाल तर चार फुटांवर लावलेल्या कपाशीत साडेतीन फुटांच्या आतला ट्रॅक्टर पीक लहान असेपर्यंत आरामात कोळपणी करतो. मोठ्याला तिथे प्रवेशच नाही.

तिसरी गोष्ट, अवजारे. ट्रॅक्टर हा नुसता बैल आहे, शेती अवजार करते. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलायची युक्ती काढली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. त्याआधी नांगर गाडीसारखा मागे ओढत, आणि तो दगडाला अडला तर ट्रॅक्टरची पुढची चाकेच वर येत. आज जगभरच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागे तीच जोडणी आहे. पण जोडणी एक म्हणून कुठलेही अवजार चालते असे नाही. लिफ्ट किती किलो उचलते आणि अवजाराचे वजन किती, हे दोन आकडे शेजारी मांडायला हवेत. विक्रेता मोठा रोटाव्हेटर हौसेने दाखवतो. तो चोवीस घोड्यांच्या गळ्यात बांधला की इंजिन काळा धूर ओकते. आम्ही ट्रॅक्टरच्या रुंदीला पुरेल एवढाच घेतला.

आमची यादी शेवटी अशी झाली: पाच फणांचा मोगडा, वखराची पास, लहान रोटाव्हेटर, फवारणीचा पंप. पेरणी यंत्र चुलतभावाच्या भागीत. पलटी नांगर घेतलाच नाही. खोल नांगरट दर वर्षी लागत नाही. लागेल तेव्हा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा, कारण उन्हाळ्यात वाफशाची घाई नसते. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरायचे चार ओळींचे बीबीएफ यंत्रही तसेच, ते मोठ्या ट्रॅक्टरला शोभते. आणि रोटाव्हेटर मिळाला म्हणून रोज फिरवायचा नाही, हे पुतण्याकडून कबूल करून घेतले. रान दिसते गालिच्यासारखे, पण माती पिठासारखी होते, पहिल्या पावसात तिची खपली धरते आणि खाली टणक थर बसतो.

चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे किंवा पदराचे टोक त्यात गेले, तर "थांब" म्हणायच्या आत नऊ वेढे बसतात. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण बरेच जण पहिल्याच महिन्यात काढून फेकतात. आमच्याकडे ते आहे, आणि इंजिन चालू असताना भावजय मागे फिरकायची नाही हा नियमही आहे.

राहिला पैसा. शासकीय अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज आणि पूर्वसंमती, मगच खरेदी. उलटे केले तर अनुदान गेले. मी बँकवाला असूनही, किंवा बँकवाला म्हणूनच, कर्ज नको म्हटले. पन्नास घोड्यांना आठ-नऊ लाख लागत होते. चोवीस घोड्यांना सहा लाखांच्या आसपास. माझ्या निवृत्तीच्या पैशातून निम्मे, आणि भावाच्या विम्याचे होते त्यातून उरलेले. भावजयीने ते पैसे पुढे ठेवले तेव्हा माझा हात थबकला. ती म्हणाली, "भावजी, पोरगं गावात ऱ्हाईल का नाही, त्याचे हे पैसे हायेत. ट्रॅक्टरचे नाहीत."

२०२४ च्या पाडव्याला चोवीस घोडे आखाड्यावर आले. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, या पानावर जाहिरात नको. पण निवड कशावर झाली ते सांगतो. दोन ट्रॅक्टर सर्वच बाबतीत तुल्यबळ होते. एकाचा मिस्त्री आणि सुटे भाग जिंतुरात मिळत होते, दुसऱ्यासाठी परभणी गाठावी लागणार होती. वाफशाच्या चार दिवसांत परभणीची फेरी परवडत नाही. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आम्ही बारा टक्के भरून बसलो होतो. असो. मुहूर्त बघणाऱ्यांना पुढची करकपात दिसत नाही!)

त्या वर्षी आमची पेरणी वाफशाच्या दुसऱ्या दिवशी संपली. गावात लोक थोडे हसले. मग कपाशी गुडघ्याएवढी झाली, कोळपणीला बैल मिळेनात आणि मोठे ट्रॅक्टर बांधावर उभे राहिले, तेव्हा हसणारे पुतण्याला फोन करू लागले.

गोड शेवट करून थांबलो असतो, पण २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात पावसाने जे केले ते सर्वांनी पाहिले. आमचे सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्यात उभे राहिले आणि शेंगांतच उगवले. ट्रॅक्टर तीन आठवडे हलला नाही. त्या दिवसांत मी गावीच होतो. रात्री पत्र्यावर पाऊस वाजत असताना मी सवयीने मनात हिशेब करत होतो. पन्नास घोडे घेतले असते, कर्जावर घेतले असते, तर या महिन्यात हप्ता किती आला असता? आकडा आला आणि त्याबरोबर हळदीकुंकू लावलेले ते बोनेटही समोर आले. सोयाबीन गेले होते. पण किल्ली मागायला कुणी येणार नव्हते.

मी पुतण्याला एक वही घालून दिली आहे. तारीख, कुणाचे शेत, काय काम, किती तास, किती डिझेल, पैसे आले की उधार. तो ती इमानाने लिहितो. दिवाळीला मी बेरीज केली. दीड वर्षात चारशे बारा तास. उधारीचा रकाना जरा लांब आहे. दोन एकरांच्या एका म्हातारीच्या नावापुढे त्याने पैशांच्या जागी नुसती रेघ मारली आहे. त्या रेघेबद्दल मी काही विचारले नाही. उरलेला बैल अजून आखाड्यावरच आहे. त्याला काम नाही, चारा मात्र दोन वेळचा लागतो, तो खर्चही वहीत आहे.

पुतण्या माझ्या खांद्यावरून वहीत पाहत होता. म्हणाला, "काका, तुमच्या बँकेच्या हिशेबानं वर्षाला हजार तास लागतात ना? आपले कधी होतील?"

मी म्हटले, "होणार नाहीत. मी ते एकदा कागदावर केले होते. या वहीत जेवढे चालले तेवढेच लिही."