ज्वारीच्या कणसावरचा पिवळा पाहुणा

युरोपातल्या बागांमध्ये दाण्याच्या थाळीवर येणारा हिरवट ग्रीनफिंच मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडच्या शिवारात दिसत नाही. पण विदर्भातल्या पिकांत हिवाळ्याला त्याच्यासारखाच जाड, शंकूसारख्या चोचीचा एक पाहुणा उतरतो: काळ्या डोक्याचा भारीट.

आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात त्याची वीण होते. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून त्याचे थवे पश्चिम आणि मध्य भारतात येतात, ज्वारी-गव्हाचे दाणे टिपतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. रोहिणखेडच्या परिसरात त्याला शोधायचे तर जंगलात कशाला? पिकाचा बांध आणि बाभळीची फांदी पाहावी.

नराचे डोके नावाप्रमाणे काळे दिसेलच असे नाही. नव्या पिसांच्या फिकट कडा तो रंग झाकून टाकतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि मार्चपर्यंत खालचा काळा रंग उघडा पडतो. पिसे न बदलताही पक्षी नटतो! त्यामुळे सुरेख छायाचित्र हवे तर परतीच्या आधीचे दिवस निवडावेत.

सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घ्यावे, बांधाआड बसून राहावे. थवा उडालाच तर मागे धावू नये. बहुधा तो जवळच्या झाडावर टेकतो आणि पुन्हा पिकात उतरतो. शटर जितके वेगवान ठेवावे तितके उडतानाचे पंखही स्पष्ट येतात. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. उभे पीक तुडवून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी नको.

शेतात न जाता अंगणातच पक्ष्यांसाठी दाणे ठेवणाऱ्यांनी भांडी रोज धुवावीत. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ट्रायकोमोनोसिस या परजीवी रोगाने ग्रीनफिंचची संख्या झपाट्याने घटली, आणि हा रोग दूषित दाणापाण्यातूनही पसरतो.