दोन अक्षरांचा खोडकरपणा

कोलकात्याच्या नकाशात दमदम शोधा बघू. सापडलं? तिथे ताप जडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांना इंग्लंडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ठिपके दिसले. १९०३ साली त्यांनी ते जाहीर केलं. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच ठिपके सापडले. म्हणून या जंतूचं नाव लिशमानिया डोनोव्हानी.

हा जंतू काळा आजार आणतो. त्याची ने-आण करते वाळूमाशी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची.

पुढे कोलकात्यातल्या सियालदाच्या कॅम्पबेल हॉस्पिटलात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी औषध शोधू लागले. खोली कशी? नळ नाही, गॅस नाही, रात्री कामाला जुना रॉकेलचा दिवा. तिथे १९२० साली त्यांनी अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्यापासून युरिया स्टिबामाइन बनवलं आणि माणसं भराभर बरी होऊ लागली. पण १९२२ मध्ये त्यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. बऱ्या झालेल्या काही जणांच्या त्वचेवर डाग आणि गाठी उठल्या होत्या, आणि आत होता तोच जंतू! पोटातून हाकलला, तर कातडीत दडून बसला.

आणखी गंमत ऐका. बिहार-बंगालात हा जंतू प्लीहा, यकृत गाठतो. श्रीलंकेत मात्र याच जातीचा जंतू बहुतेक वेळा फक्त त्वचेवर फोड आणतो. नाव एक, वागणं वेगळं. असं का? उत्तराचा धागा जनुकांत आहे. २०१६ साली भारतीय उपखंडातल्या रुग्णांकडून घेतलेल्या २०४ नमुन्यांची सगळी जनुकीय अक्षरं वाचून झाली. बहुतेक नमुने जवळजवळ सारखे निघाले. नेपाळच्या डोंगराळ भागातला एक गट मात्र बराच वेगळा.

आणि गुणसूत्रं? या जंतूची ३६. आपल्याकडे प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. एखादी जादा झाली तरी शरीरात मोठा फरक पडतो. हा पठ्ठ्या मात्र कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार प्रती बाळगतो आणि मजेत जगतो!

मला सगळ्यांत भारी वाटली ती पुढची करामत. अँटिमनी जंतूच्या आत शिरतं एका दारातून. काही जंतूंमध्ये ते दार बनवणाऱ्या जनुकात फक्त दोन अक्षरं जादा घुसली आणि दार बिघडलं. औषध बाहेरच! भारतात अँटिमनी मागे पडलं त्यात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा मोठा हात आहे.

काळ्या आजारातून बऱ्या झालेल्यांच्या त्वचेवरचे ते डाग सहसा दुखत नाहीत, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. वाळूमाशी करत नाही. तिथूनच ती जंतू उचलते. म्हणूनच अशा रुग्णांना मिल्टेफोसिन या औषधाच्या कॅप्सूल बारा आठवडे घ्यायला लावतात.