बकला काय ठाऊक होतं?

मराठी मुलांच्या गोष्टींतले प्राणी बहुधा बोलके असतात. इसापचा कोल्हा द्राक्षांना नावं ठेवतो, पंचतंत्रातलं माकड मगरीला शब्दांत पकडतं, मोगलीचा बघीरा तर एखाद्या समजूतदार काकासारखा सल्ला देतो. त्यामुळे जॅक लंडनची ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ हातात घेतलेलं मूल सुरुवातीलाच अडखळतं. नायक बक हा कुत्रा आहे आणि सातही प्रकरणांत तो एक शब्द बोलत नाही. सहावीतल्या माझ्या भाचीनं तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून विचारलं, “मावशी, हा बोलतच नाही, मग याच्या मनातलं सांगतंय कोण?”

हा प्रश्न मुलानं विचारला तर उत्तमच. नाही विचारला तर आपण विचारावा, कारण या कादंबरीची किल्ली तिथंच आहे.

आम्ही एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘बकला काय ठाऊक’, उजवीकडे ‘आपल्याला काय ठाऊक’. 1903 साली आलेली ही कादंबरी सुरूच होते ती या दोन रकान्यांमधल्या अंतरापासून: वर्तमानपत्रांत एक बातमी आहे, आणि कुत्र्याला वाचता येत नाही. ती बातमी मुलाला आधी समजावून द्यावी लागते. ऑगस्ट 1896 मध्ये कॅनडातल्या क्लॉन्डाइक भागात एका ओढ्यात सोनं सापडलं. जुलै 1897 मध्ये सोनं घेतलेली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलला लागली आणि हजारो माणसं उत्तरेकडे धावली. तिथं रेल्वे नव्हती. ओझ्याची घोडी घाटात शेकड्यांनी मेली. बर्फावरून गाडी ओढायला दांडगी, दाट केसांची कुत्री हवी होती. बक चार वर्षांचा, बाप सेंट बर्नार्ड, वजन 140 पौंड म्हणजे 63 किलो. कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाच्या मळ्यात ऐटीत वाढलेला. माळ्याच्या हाताखालचा माणूस लॉटरीत पैसे घालवून बसलेला असतो, तो बकला गुपचूप विकतो. हे सगळं उजव्या रकान्यात. डाव्या रकान्यात भाचीनं एकच ओळ लिहिली: ओळखीच्या माणसानं गळ्यात दोर बांधला. दोन्ही ओळी शेजारी आल्यावर ती म्हणाली, “आपल्याला कळतंय आणि त्याला नाही, म्हणून भीती वाटतेय.” हे मी सांगून तिला कळलं नसतं.

पुढं लाल स्वेटरवाला माणूस दंडुक्यानं बकला झोडपतो. पुष्कळ पालक ही पानं उलटून टाकतात. मी टाकली नाहीत. मात्र वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असं चुकूनही विचारू नये. धड्याखालच्या तात्पर्याची आपल्याला इतकी सवय आहे की मूल लगेच ‘मोठ्यांचं ऐकावं’ असं काहीतरी देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा विचारावं, बकला इथं काय कळलं? त्याला कळतं ते एवढंच की दंडुका हातात असलेल्या माणसाचं ऐकायचं. त्याच्यावर जीव लावायलाच हवा असं नाही. आपल्याला ते पटतं का, हा वेगळा प्रश्न. तो उजव्या रकान्यात टाकून ठेवायचा.

मालक बदलत जातात, तसा बकही बदलतो. सरकारी टपाल नेणारे पेरॉल्ट आणि फ्रान्स्वा कडक, पण न्यायी. त्यांच्याकडे तो बर्फात खड्डा करून झोपायला शिकतो, चोरायला शिकतो, आणि शेवटी गाडीचा पुढारी कुत्रा स्पिट्झ याला मारून स्वतः पुढारी होतो. या सत्तेच्या झगड्याची चव मुलाला लागलीच, तर आणखी तीन-चार वर्षांनी त्याच्या हातात व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ द्यावं.

पुढं बक नवख्या हॅलच्या हाती जातो, त्या प्रकरणावर मात्र थांबावं. सगळ्या पुस्तकात मुलांना स्वतः करून बघता येईल अशी जागा हीच. बकचा रोजचा शिधा दीड पौंड सुकी सामन मासळी, म्हणजे 680 ग्रॅम. आमच्याकडे कोकणातून आलेले सुके बोंबील होते. तेवढे काट्यावर घातले तर ताटभर झाले. दिवसभर गाडी ओढणाऱ्या 63 किलोच्या कुत्र्याला तेवढंही पुरत नाही. मग हिशेब. हॅल आणि त्याचा मेव्हणा चार्ल्स 14 कुत्री जुंपतात. कुत्र्यामागे इतकं अन्न, इतकी कुत्री, इतके दिवस, असं त्यांचं कागदावरचं गणित. भाचीला म्हटलं, सोपं जावं म्हणून कुत्र्यामागे रोज अर्धा किलो धर आणि प्रवास 40 दिवसांचा धर. उत्तर आलं 280 किलो. आता गाडी निम्म्या वेगानं चालली तर? 560. एवढी मासळी एका गाडीवर मावते कुठं! त्यात हॅल सुरुवातीला शिधा दुप्पट करतो. एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की अन्न अर्धं संपलंय आणि रस्ता फक्त पाव सरलाय. भाची पेन्सिल चावत म्हणाली, “म्हणजे अर्ध्या अन्नात पाऊण रस्ता. मावशी, ही सगळी मरणार.” पुढची पानं तिनं स्वतःच वाचली. बकचा पुढचा मालक थॉर्न्टन याच्या मुक्कामावर पोचेपर्यंत 14 पैकी पाच उरतात.

आणि इथं आमचे रकाने उलटले. नदीवरचा बर्फ खालून विरघळतोय, हे बकला दिवसभर पायांखाली जाणवत असतं. तो मार खातो पण उठत नाही. थॉर्न्टन सांगतो, तरी हॅल ऐकत नाही. पहिल्यांदाच डावा रकाना उजव्याच्या पुढं गेला.

कुत्र्याला खरंच असं काही कळतं का? हा वाद जुना आहे. 1907 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्राण्यांबद्दल खोटंनाटं लिहिणाऱ्या लेखकांवर टीका केली, त्यात लंडनचंही नाव होतं. लंडनचं म्हणणं, माझी कुत्री अमूर्त तर्क करत नाहीत हे मी वारंवार लिहिलंय. मुलाला तशा जागांखाली रेघ ओढायला सांगावं. बऱ्याच सापडतात.

हॅलच्या आधी बकचा गाडीतला सोबती डेव्ह मरतो, तेव्हा काहीच विचारू नये. आतून दुखणं लागलेलं असतानाही तो दुसऱ्या कुत्र्याचे पट्टे दातांनी तोडून स्वतःच्या जागी उभा राहतो. आम्ही त्या दिवशी पुस्तक ठेवलं आणि चहा केला.

हलकं व्हायला पुढं थॉर्न्टनची पैज आहे: बकनं एकट्यानं भरलेली गाडी ओढायची. पिठाची 50 पौंडांची 20 पोती, म्हणजे साडेचारशे किलोंवर. आपल्या सिमेंटच्या नऊ गोण्या. गाडीच्या पट्ट्या बर्फात गोठून बसलेल्या. बक आधी उजवीकडे हिसका देतो, मग डावीकडे, पट्ट्या सुटतात आणि मगच तो सरळ ओढतो. गॅसचं सिलिंडर किंवा कपाट सरकवताना आपणही हेच करतो, ते दाखवून द्यावं. या पाच मिनिटांत बक मालकाला 1600 डॉलर मिळवून देतो. लंडनला या अख्ख्या पुस्तकाचे प्रकाशकाकडून एकरकमी मिळाले 2000. सोनं शोधायला तो स्वतः 1897 मध्ये गेला होता, स्कर्व्ही घेऊन परतला. बकचं मूळही तिथलंच: क्लॉन्डाइकमधल्या डॉसन गावी भेटलेल्या बाँड बंधूंचा कुत्रा. त्यांचे वडील खरोखरच कॅलिफोर्नियात न्यायाधीश होते.

एक गोष्ट मोठ्यांनीच सांगायला हवी. शेवटी हल्ला करणारी यीहॅट ही जमात लंडननं कल्पनेतून रचली आहे. तिच्यातल्या एकाही माणसाला चेहरा नाही, नाव नाही. ज्या ट्रॉनडेक ह्वेचिन लोकांची ती भूमी, त्यांचं सोन्याच्या गर्दीनं काय केलं, हे पुस्तकात येत नाही. 1896 मध्ये ज्यांना सोनं सापडलं त्यांच्यातही स्कूकम जिम हा टॅगिश या मूळनिवासी जमातीचा माणूस होता. आमच्या उजव्या रकान्यात ही ओळ पुस्तकाबाहेरून आली.

शेवटचं प्रकरण रात्री झोपताना वाचायला घेऊ नका. त्यात थॉर्न्टन जातो आणि बक लांडग्यांत मिसळतो. मुलं त्यावर बराच वेळ बोलत राहतात. रविवारी सकाळी घ्या.