घाटात कस लागतो ब्रीदर पाइपाचा

मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. इथे जुन्या गाडीच्या ब्रीदर पाइपाचा दोन्हीकडून कस लागतो. चढणीवर इंजिनावर जोर आला की पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये निसटणारा आणि या पाइपाने बाहेर पडणारा वायू वाढतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इनटेकची ओढ वाढते, आणि पाइप थेट मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर मऊ पडलेलं रबर आत ओढलं जाऊन चपटं होतं.

क्रँककेसमधून येणाऱ्या या वायूबरोबर ऑइलचे सूक्ष्म थेंब, पेट्रोलची वाफ आणि पाण्याचा अंश असतो. वाट तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साचतो, सीलमधून ऑइल पाझरतं, कधी डिपस्टिकच वर सरकते. मालकाला वाटतं, बोअर गेलं. इंजिन उघडण्याआधी हा पाइप तपासला, तर मोठा खर्च वाचू शकतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची १०८९ सीसीची पद्मिनी असो, की गोव्यात बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म. दोन्हींचं उत्पादन थांबलं आहे. मूळ पाइप मिळाला नाही की गॅरेजात हाताशी असलेला रेडिएटरचा पाइप कापून लावला जातो. तो सहसा ईपीडीएम रबराचा असतो. गरम पाण्याला तो पुरून उरतो, ऑइलमध्ये मात्र फुगून मऊ पडतो. झगमगीत निळा-लाल सिलिकॉन पाइप उष्णता सोसतो, पण साध्या सिलिकॉनचं ऑइल आणि पेट्रोलच्या वाफेशी जमत नाही.

इथे नायट्राइल रबर बरं. साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत ते निभावतं. पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर फ्लुओरोरबर, म्हणजे बाजारातलं ‘व्हायटॉन’ घ्यावं. ते २०० अंशांच्या आसपास टिकतं, मात्र महाग पडतं. आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा आणि वळणावर तो दुमडता कामा नये.

क्लॅम्पच्या बाबतीत ‘जेवढा आवळला तेवढा चांगला’ हा समज इथे नडतो. ब्रीदरमध्ये दाब अगदी कमी असतो. स्क्रूने आवळायची क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये पेटंट केली. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त क्लिपांच्या पट्टीला आरपार खाचा असतात आणि मऊ रबर त्यात घुसून कापलं जातं. त्यापेक्षा आतून सपाट, कडा बाहेर वळवलेली क्लिप किंवा योग्य मापाचा स्प्रिंग क्लॅम्प घ्यावा. पाइप ज्या नळीवर चढवतात, तिच्या तोंडाशी उठावाची कडा असते. क्लिप तिच्या मागे बसवावी, कडेवर नाही. पेचकसाने आवळताना रबर पट्टीबाहेर फुगू लागलं की थांबावं.

थंडीच्या दिवसांत गाडी फक्त बाजारापर्यंत जात असेल तर इंजिन पुरतं तापत नाही. अशा वेळी पाइप काढून आत बोट फिरवावं. लोण्यासारखा पांढरट थर लागला तर आत पाणी साचतंय. पाइप साफ करून गाडी एकदा घाट चढवून आणावी. थर पुन्हा आला आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यावं.