घर विकायचंय? फोटो काढण्याआधी एवढं करा

आजकाल गिऱ्हाईक जिना चढण्याआधी मोबाईलवरच घर बघून घेतं. मुंब्रा असो, भिवंडी असो की पुण्यातला कोंढवा, एजंट सगळ्यात आधी म्हणतो, "फोटो पाठवा." एकदा पाठवलेले फोटो किती ग्रुपमध्ये फिरतील, हे ना एजंटच्या हातात असतं, ना आपल्या. म्हणून फोटोत घर पूर्ण दिसावं, घरची माणसं मात्र दिसू नयेत, हे धरूनच तयारी करावी.

पसारा आणि उजेड

छोट्या फ्लॅटमध्ये जमीन जेवढी मोकळी, तेवढी खोली मोठी वाटते. गाद्या, पेट्या, शिलाई मशीन, मुलांची सायकल असं सगळं एका खोलीत ठेवा आणि बाकीच्या खोल्यांचे फोटो घ्या. मग सामान हॉलमध्ये हलवून त्या खोलीचे फोटो घ्या. ओट्यावरचे डबे, सिंकमधली भांडी, बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे काढा. बाथरूममधल्या बादल्या आणि ब्रश बाहेर ठेवा.

फोटो दिवसा, साधारण सकाळी 10 ते 12 च्या दरम्यान काढा. पडदे उघडा, दिवेही लावा. मोबाईल आडवा, छातीच्या उंचीवर धरून कोपऱ्यातून किंवा दारातून फोटो घ्या. 0.5 ची लेन्स वापरू नका. तिच्यात खोली दुप्पट दिसते, आणि प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस नाराज होऊन जातो.

घरची माहिती घरातच राहू द्या

फ्रिजवर लावलेलं लाईट बिल, खुंटीवरचं मुलांचं शाळेचं ओळखपत्र, टेबलावरचं आधार कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, चाव्या, दागिन्यांचे डबे हे सगळं आधी उचला. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, नाहीतर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो.

एजंटचा माणूस येणार असेल तर घरातल्या बायकांना वेळ आधी सांगा आणि त्यांच्या सोयीनेच ठरवा. कपाटाचा आरसा, टीव्हीचा काळा पडदा, चकचकीत फ्रिज यांत उभ्या माणसाचं प्रतिबिंब हमखास येतं. ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि फोटो पुढे निघून जातो.

भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो उतरवाच. आयतांच्या फ्रेम ठेवायच्या की उतरवायच्या, हे घरच्यांनी ठरवावं, एजंटने नाही. उतरवल्या तर स्वच्छ कापडात गुंडाळून उंच जागी ठेवा.

ऐब लपवू नका

ओल आलेल्या भिंतीसमोर कपाट सरकवायचं, गळक्या छताला घाईघाईने रंग मारायचा, असे सल्ले मिळतात. ते ऐकू नका. ऐब लपवून माल विकणं आपल्या दीनमध्ये जायज नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते महागात पडतं. टोकन घेतल्यावर पावसाळ्यात ओल दिसली की सौदा मोडतो, नाहीतर भाव पाडून मागितला जातो. दुरुस्ती करता आली तर खरीखुरी करा. नसेल होत तर ओलीचाही एक फोटो द्या आणि एजंटला व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, म्हणजे नंतर "सांगितलंच नव्हतं" असं कुणी म्हणणार नाही.

शेवटी, पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी प्रत्येक फोटो मोठा करून बघायला सांगा. काढणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं.