लेबलवरील ‘रजत’ : नाव एक, द्रव्ये अनेक

रसशास्त्रात रजताचे स्थान सर्वमान्य आहे. वातपित्तशामक, मेध्य आणि नेत्र्य म्हणून रौप्य भस्माचा वापर वैद्यवर्ग परंपरेने करीत आला आहे. अलीकडे मात्र ‘चांदीचे पाणी’, ‘रजत जल’, ‘कोलॉइडल सिल्व्हर’ अशा नावांच्या बाटल्या शहरांतूनच नव्हे, तर आमच्या टेंभुर्णीसारख्या जालना जिल्ह्यातील बाजारपेठेच्या गावातही रुग्णांच्या हातात दिसू लागल्या आहेत. ‘डॉक्टरसाहेब, हे रौप्य भस्मच ना?’ असा प्रश्न रुग्ण विचारतो. औषध विक्रेत्यालाही तोच प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ लेबल वाचून मिळत नाही. ते का मिळत नाही आणि कसे मिळवावे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

चार भिन्न द्रव्ये

‘रजत’ या एका शब्दाखाली आज निदान चार द्रव्ये विकली जातात.

1) रौप्य भस्म : शोधन-मारण संस्कारांनी सिद्ध झालेले. पारद-गंधकाच्या कज्जलीसह पुटे दिलेल्या भस्मात रजत मुख्यत्वे गंधकाशी संयोग पावलेले असते. म्हणून ते काळसर दिसते.

2) चांदीचा वर्ख : धातुरूपातीलच, केवळ ठोकून पातळ केलेला पत्रा. तो भस्म नव्हे.

3) कोलॉइडल सिल्व्हर : धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले द्रावण. त्यास बहुधा पिवळसर छटा असते.

4) आयनिक सिल्व्हर : चांदी विरघळलेल्या क्षाररूपात असलेले, पाण्यासारखे रंगहीन द्रावण. ‘कोलॉइडल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत प्रत्यक्षात हेच असते.

मात्रेचा विचार केला तरी हा भेद स्पष्ट होतो. 10 पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये 10 मिलिग्रॅम चांदी. त्या द्रावणाच्या 5 मिलिलिटरमध्ये केवळ 0.05 मिलिग्रॅम चांदी येते. भस्म आपण गुंजेच्या मापाने मोजतो आणि एक गुंजा म्हणजे सुमारे 125 मिलिग्रॅम. द्रव्य भिन्न, स्वरूप भिन्न, मात्रा भिन्न. असे असता एकाचे ग्रंथोक्त गुण दुसऱ्याच्या बाटलीवर छापणे ही दिशाभूलच होय.

धोका कोणता?

चांदी हे शरीरास आवश्यक असे पोषणद्रव्य नाही. अशी द्रावणे दीर्घकाळ घेतल्यास चांदीचे कण त्वचेत साठून त्वचा निळसर-राखाडी होते. यास ‘आर्जिरिया’ म्हणतात. हा वर्णविकार सहसा कायमचा असतो. शिवाय थायरॉक्सिन व काही प्रतिजैविके यांच्या शोषणात चांदीमुळे बाधा येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 1999 मध्येच निर्णय दिला की, चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधांतील कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित व परिणामकारक म्हणून मान्य करता येत नाही. मार्च 2020 मध्ये कोविडवर उपाय म्हणून विक्री करणाऱ्या सात विक्रेत्यांना तेथे इशारापत्रे गेली. त्यांतील काहींचे उत्पादन हेच होते.

वर्खाची कथाही निराळी नाही. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्राने केलेल्या तपासणीत वर्खाच्या अनेक नमुन्यांत चांदीऐवजी वा चांदीसोबत तांबे, निकेल, शिसे, कॅडमियम असे धातू आढळले. काही नमुने तर चक्क अ‍ॅल्युमिनियमचे निघाले. मोरावळ्यावर अथवा गुटिकेवर वर्ख चढविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

ग्रंथोक्त परीक्षा आणि ओळख

‘आम्ही वारितर, रेखापूर्ण परीक्षा करतो, मग शंका कशाची?’ असे काही वैद्यबंधू म्हणतात. या परीक्षांचे मोल मोठे आहे. परंतु वारितर व रेखापूर्णत्व यांवरून भस्माची सूक्ष्मता कळते, तर अपुनर्भव व निरुत्थ यांवरून मारण पूर्ण झाले की नाही हे कळते. मारलेला धातू मुळात रजतच होता का, त्यात दुसरे काय मिसळले होते, याची साक्ष या परीक्षा देत नाहीत. ग्रंथकारांनी यासाठीच ग्राह्य रजताची लक्षणे आधी सांगितली आणि भस्माच्या परीक्षा नंतर. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. तेथे चांदी घेणारा ग्राहक आधी टंच विचारतो. अंगावर घालावयाच्या दागिन्यासाठी टंच पाहणारा समाज पोटात घ्यावयाच्या चांदीचा टंच विचारीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कायद्याची बाजू

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मधील कलम 33 ई अन्वये लेबलवर खोटे वा दिशाभूल करणारे विधान असलेले आयुर्वेदीय औषध ‘मिथ्याछाप’ ठरते. एका द्रव्याच्या जागी दुसरे घातले असल्यास कलम 33 ई ई ए अन्वये ते ‘बनावट’ ठरते. अशा औषधाची निर्मितीच नव्हे, तर विक्री व साठाही निषिद्ध आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. म्हणून जबाबदारीही नाही, असा समज विक्रेत्यांनी करून घेऊ नये. नियम 161 प्रमाणे लेबलवर घटकांची यादी व प्रमाण, निर्मिती परवाना क्रमांक व बॅच क्रमांक हवा. तसेच 2022 च्या ‘आयुर्वेद आहार’ नियमांनी भस्म, पिष्टी व धातुयुक्त औषधे आहाराच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तेव्हा ‘आहारपूरक’ म्हणून रजत भस्म विकता येणार नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

• लेबलवर केवळ ‘रजत’ आहे, की ‘रजत भस्म’ असे स्पष्ट आहे? संदर्भग्रंथाचे नाव आहे काय? मारण हरतालाने केले की पारद-गंधकाने, यावर आर्सेनिक वा पारद शिल्लक राहण्याची शक्यता अवलंबून असते.

• त्या बॅचचे धातुविश्लेषण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून झाले आहे काय? प्रमाणपत्रावरील बॅच क्रमांक बाटलीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

• रंगहीन ‘कोलॉइडल’ द्रावणाचा थोडा भाग काचेच्या भांड्यात घेऊन चिमूटभर मीठ टाकावे. पांढरा गढूळपणा आल्यास ते आयनिक द्रावण असण्याचा संभव अधिक. ही परीक्षा केवळ सूचक आहे. तपासलेला भाग टाकून द्यावा.

• वर्ख जाळून पाहावा. शुद्ध चांदीचा चकाकता गोळा उरतो, तर अ‍ॅल्युमिनियमची करडी राख होते.

• स्वतः भस्म करणाऱ्यांनी जुने दागिने न घेता 999 शुद्धतेची चांदी पावतीसह घ्यावी. दागिन्यांत तांबे आणि सांधण्यासाठी वापरलेले इतर धातू असतात.

शंकास्पद उत्पादन आढळल्यास बाटली, वेष्टन व पावती जपून ठेवून जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. रुग्णास उपद्रव झाला असल्यास आयुष औषध दक्षता केंद्रासही कळवावे.

2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 20.7 टक्के उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. रसशास्त्रीय नसलेल्या उत्पादनांतही हे प्रमाण 17.1 टक्के होते. अशा वार्तेने बदनाम होते ते केवळ त्या उत्पादकाचे नाव नव्हे, तर संपूर्ण शास्त्र. रसशास्त्रावरील विश्वास टिकवावयाचा असेल, तर त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीची ओळख प्रथम आपणच पटवून घ्यावी, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषध विक्रेत्यांना नम्र विनंती.